हॅलोताईने स्वतःचाच फोन कापला

मंगळवार, २१ नोव्हेंबर. सकाळी धुकं. गॅसवाला आला नाही. दुपारी हॉस्पिटलमधून नणंदेला नोकरीसाठी फोन आला. तिनेच तो कापला. पुन्हा आला नाही. दिवसभर माझं डोकं फिरलेलं.

त्या दिवशी वहीत एवढंच लिहिलं. राग आला की माझं अक्षर बिघडतं, आणि मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी अक्षराची शिस्त अशी लावली आहे की वाकडं लिहिण्यापेक्षा मी न लिहिणं पसंत करते. आता शांतपणे लिहिते आहे. शांतपणे म्हणजे, जमेल तेवढं.

माझ्या यजमानांची ही धाकटी बहीण एका मोठ्या हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर तीस वर्षं होती. बोर्ड तळघरात, खोलीला खिडकी नाही. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे. तिथे नियम कडक होते. स्वतःचं नाव सांगायचं नाही, आवाज चढवायचा नाही, आणि समोरच्याने कुणालाही मागितलं तरी पहिलं वाक्य एकच: ‘एक क्षण थांबा, जोडून देते.’ आमच्या घरातली मुलं तिला हॅलोताई म्हणायची. लग्न केलं नाही. राहायची हॉटेलनेच दिलेल्या खोलीत.

हॉटेलचा मालक बदलला, बोर्ड भंगारात गेला आणि खोलीही गेली. ती दोन पेट्या घेऊन माझ्याकडे आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, “वहिनी, मी पाहुणी आहे हं. महिनाअखेरीला निघेन.”

“निघ की. आधी आत तर ये.”

दोन गल्ल्या सोडून तिने एक खोली पाहून ठेवली होती. खोलीला मोठी खिडकी होती, आणि ही बाई त्या खिडकीच्या प्रेमात पडली होती. घरमालकीण मात्र पक्की. म्हणाली, “नोकरी लागली की किल्ली न्या. महिनाअखेरीपर्यंत थांबते, पुढे नाही.”

माझ्या मुलाने आत्याला नोकरी मार्गदर्शनाच्या एका वर्गात नेलं. मीही गेले. तिथे सुटाबुटातला एक तरुण फळ्यासमोर येरझारा घालत होता. म्हणे केस काळे करा, वय लिहू नका, अनुभव दहाच वर्षांचा दाखवा.

“मग उरलेली वीस वर्षं मी काय झोपा काढत होते?” नणंदेने विचारलं.

“ताई, जास्त अनुभव दिसला की वय दिसतं.”

लोक माना डोलावत लिहून घेत होते. प्रामाणिकपणे केलेलं काम लपवायला शिकवायचं, आणि त्याची फी घ्यायची! मी तिथेच उठणार होते, मुलाने पदर धरून बसवलं.

हॉस्पिटलच्या चौकशी कक्षाचा अर्ज तिने स्वतःच्या अकलेने केला. मोबाइलवर नीट ऐकू येत नाही म्हणून नंबर माझ्या घरचा दिला. मंगळवारी घंटी वाजली, मी भाजी चिरत होते, तिने फोन उचलला. पलीकडच्याने तिलाच मागितलं असणार. कारण ही गोड आवाजात म्हणाली, “एक क्षण थांबा, जोडून देते,” आणि तिचं बोट सवयीने खाली गेलं. माझ्या फोनला कुठली आलीत जोडून द्यायची बटणं! बोट रिसीव्हर ठेवायच्या खटक्यावर पडलं. फोन बंद.

तिने रिसीव्हर खाली ठेवला. मग ती मटकन स्टुलावर बसली. “वहिनी, मी मलाच जोडून देत होते गं.”

हसू येत होतं, पण तिचा चेहरा पाहून गिळलं. मी हॉस्पिटलचा नंबर लावला. मशीन बोलायला लागलं: यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. आम्ही सगळे आकडे दाबून पाहिले, फिरून पहिल्याच वाक्याशी आलो. नणंद रिसीव्हर लांब धरून म्हणाली, “हिला कुणी कामावर ठेवलं? ही समोरच्याचं ऐकूनच घेत नाही.”

संध्याकाळी मुलाने त्या सुटाबुटातल्याला विचारलं. उत्तर आलं, पुन्हा संपर्क करू नका, गरजू दिसाल.

“गरजूच आहे ती!” मी ओरडले. “हौस म्हणून कोण नोकरी शोधतं?”

बुधवारी सकाळी मी तिला घेऊन थेट हॉस्पिटलात गेले. कर्मचारी विभागाच्या दारात तिने सरळ सांगितलं, “काल तुमचा फोन आला होता, तो चुकून माझ्याकडूनच कापला गेला.”

आतला अधिकारी चहाचा कप घेऊन बाहेर आला. “तुम्ही होय? अहो, तुमच्याकडे फोन उचलायला मुलगी आहे ना? आम्ही म्हटलं, असल्या बाईंना आमची नोकरी कशाला हवी! ‘इच्छुक नाही’ असा शेरा मारून टाकला.”

“ती मुलगी मीच.”

“छे! ती पंचविशीतली होती.”

“चोपन्न,” नणंद म्हणाली.

त्याचं तोंड उतरलं. “आम्हाला खरं तर जरा तरुण...”

“फोनमधून सुरकुत्या दिसतात का हो?” मी विचारलं. नणंदेने माझा हात दाबला.

त्याने कप खाली ठेवला. “बरं, महिनाभर येऊन बघा. शिकाऊ म्हणून. पगाराचं मग बघू.”

ती हो म्हणणार असं मला वाटलं. महिनाअखेर आठवड्यावर आली होती आणि ती खिडकी दुसऱ्या कुणाला गेली असती. मी तोंड उघडणार तोच तीच बोलली. “काम पूर्ण करीन, तर पगारही पहिल्या दिवसापासून. नसेल तर तसं आत्ताच सांगा.”

“वर विचारून कळवतो.”

“कळवू नका. आम्ही बसलोय इथेच.”

बाकावर ती हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून बसली. अधिकारी परत आला तो कागद घेऊनच: तीन महिन्यांचा करार, पूर्ण पगार, सोमवारपासून. तिने प्रत्येक ओळ वाचली, मग सही केली. घरमालकिणीने तो कागद उलटसुलट करून पाहिला, ‘तीनच महिने?’ म्हणून कुरकुरली, आणि किल्ली दिली. त्याच संध्याकाळी दोन्ही पेट्या तिकडे गेल्या.

माझा राग काही उतरलेला नाही. ही दारात जाऊन उभी राहिली म्हणून तो शेरा खोडला गेला. त्या कचेरीत आणखी किती नावांपुढे तो लिहिलेला असेल, आणि त्यातल्या एकालाही कुणी विचारलं नसेल, की बाबा, तू इच्छुक आहेस का? नोकरी शोधणाऱ्यांनो, माझं ऐका. वय लपवू नका, फुकट राबू नका, आणि गरजू दिसायला लाजू नका. लाज त्यांना वाटू दे.

त्या संध्याकाळी वहीत लिहिलं: पाहुण्यांच्या पलंगावरची चादर धुवायला काढली. साबण संपला आहे.