खापरपणजोबांची साखळी

रोज सकाळी चहाच्या आधी मोजणीकाका व्हरांड्यात उकिडवे बसत आणि फरशीत ठोकलेल्या दोन पितळी खिळ्यांमध्ये आपली टेप ताणून धरत. खिळ्यांमधलं अंतर बरोबर दहा फूट. टेपेवरही दहा भरले की ते नुसतं "हं" म्हणत आणि मगच कपाला हात लावत. जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी हा नेम चुकला नव्हता. काकू टोमणा मारायच्या, "नीट बघा हो, रात्रीतून फूट आटला असेल."

मापाचा हा सोस रक्तातूनच आलाय, असं लोक कौतुकानं म्हणत. कारण हे गाव वसवलं तेच मुळी काकांच्या खापरपणजोबांनी. परक्यांचं राज्य होतं. सरकारचा साहेब घोड्यावरून बोट दाखवी आणि खापरपणजोबा उन्हातान्हात साखळी टाकत जात. शंभर कड्यांची लोखंडी साखळी, लांबी सहासष्ट फूट. बाजार, शाळा, कालव्याची गल्ली, सगळं तिनंच आखलेलं. आता ती नगरपालिकेत काचेच्या पेटीत वेटोळं घालून पडली होती. यंदा गावाला दीडशे वर्षं होत होती. चौकात खापरपणजोबांचा पुतळा कापडाखाली उभा होता आणि उत्सव समितीचे अध्यक्ष होते काकांचे थोरले भाऊ, दादा.

नेमक्या त्याच दिवसांत शिलाईवाल्या ताई काकांकडे आल्या. कालव्याच्या गल्लीतलं शेवटचं, नववं घर त्यांचं. शेजारच्या आठव्या घरातल्या छापखानेवाल्यानं सरकारी मोजणी मागवली होती. बाजाराच्या टोकापासून कागदाबरहुकूम मोजत आले, तर त्याची हद्द ताईंच्या शिलाईच्या खोलीत सव्वापाच फूट आत निघाली. म्हणजे दोन्ही मशिनं आणि कापायचं टेबल त्याच्या जागेत. कोर्टाचा हुकूम त्याच्या बाजूनं झाला होता आणि सोमवारी कोर्टाचा अधिकारी भिंत पाडायला येणार होता. तो दिवस पाच दिवसांवर आला होता.

"आम्ही विटेलाही हात लावलेला नाही हो काका," ताई म्हणाल्या. "सासूबाईंच्या सासूबाईंपासून भिंत तिथंच आहे."

दुसऱ्या दिवशी काका टेप घेऊन गल्लीत गेले. कागदावर प्रत्येक घर एक साखळी रुंद, सहासष्ट फूट. पहिलं घर भरलं पासष्ट फूट चार इंच. जुनं बांधकाम, थोडं इकडंतिकडं व्हायचंच, असं ते मनाशी म्हणाले. दुसरंही तेवढंच भरलं. तिसरंही. पाचव्या घरापाशी त्यांनी टेप दोनदा लावून पाहिली. चुका अशा शिस्तीत होत नाहीत. दर घराला आठ इंच कमी, आणि आठ इंच म्हणजे साखळीची एक कडी.

त्या दुपारपासून ते जुन्या दप्तरांच्या खोलीत जाऊन बसले. खापरपणजोबांची रोजनिशी तिथं होती. घरात त्यांच्या नावानं सगळे छाती फुगवत, पण ती कुणी उघडलेली नव्हती. कधी तापानं अंग फणफणलेलं, कधी साहेबाची शिवी, कधी मुलगी झाल्याची एका ओळीची बातमी. काकांना वाटलं, हा माणूस आपल्याला आज पहिल्यांदा भेटतोय. शनिवारी ते पान लागलं. "साखळी तुटली. कडी सापडली नाही. साहेबास घाई. तशीच जोडून कालव्याची सबंध गल्ली आखली." आणि त्याखाली दुसऱ्या दिवसाची ओळ होती. "साहेबास सांगावे असे मनात होते. सांगितले नाही."

काकांनी ते पान पुन्हा वाचलं. वही मिटून जागेवर ठेवली असती, तर कुणी विचारणारं नव्हतं. पुतळा उभा राहिला असता आणि भिंत पडली असती. जो गप्प राहिला त्याच्याच पंक्तीला आपणही बसायचं का, हे त्यांना काही केल्या गिळवेना.

रविवारी त्यांनी दादांना सांगितलं. दादांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. दीडशे वर्षांनी घरचाच माणूस खापरपणजोबाला चोर ठरवायला निघालाय, असं बरंच बोलले.

"चोर नव्हते दादा. घाबरले होते."

"ते त्याहून वाईट," दादा म्हणाले.

सोमवारी कोर्टाचा अधिकारी काकांच्या विनंतीवरून आधी नगरपालिकेत थांबला. काकांनी लांब व्हरांड्यात टेप लावून सहासष्ट फुटांवर खडूच्या दोन रेघा मारल्या. पेटी उघडली गेली. साखळीचं एक टोक काकांनी पहिल्या रेघेवर धरलं आणि दुसरं कोण धरणार म्हणून मान वर केली. छापखानेवाला पुढं सरकला.

"मी धरतो," दादा म्हणाले.

दादांनी साखळी ओढली. आधी दोन हातांनी, मग पाय रोवून, अंगातलं सगळं बळ लावून. गंजाचा भुगा फरशीवर सांडला. कड्या करकरल्या. ताईंनी पदर तोंडाशी धरला होता. टोक रेघेच्या आठ इंच अलीकडं आलं आणि तिथून केसभरही हललं नाही. दादांच्या कपाळावरची शीर तटतटली होती.

"दादा, सोड आता," काका हळूच म्हणाले. "तुटेल."

कडी नंतर कधीतरी गळली असेल, असं छापखानेवाला म्हणून पाहत होता. काकांनी रोजनिशीचं पान अधिकाऱ्यापुढं ठेवलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि हुकूम घडी करून परत बॅगेत घातला. पुढं गल्लीचा नकाशा दुरुस्त झाला, सगळ्यांचेच आठ-आठ इंच कमी झाले आणि भिंत होती तिथं राहिली. पुतळ्यावरचं कापडही निघालं. दादांनी भाषणात साखळीचं नाव काढलं नाही आणि वर्षभर काकांशी बोलले नाहीत. मग बोलू लागले, पण ऊनवाऱ्याचंच.

त्यानंतर काका चार वर्षं जगले. शेवटचा आठवडाभर त्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं. त्यातल्या एका सकाळी चहाचा कप तसाच निवत राहिला, तेव्हा काकू टेप घेऊन व्हरांड्यात गेल्या. गुडघे धरत परत आल्या आणि म्हणाल्या, "भरले हो दहा. घ्या चहा."

काकांनी कपाला हात लावला नाही.

"ताणून धरली होतीस ना?" त्यांनी विचारलं.