पाटावरची उलटतपासणी

चहा घेता घेता ऐका. हसायचं असेल तर माझ्यावरच हसा, कारण या सगळ्यात माझ्याइतका मूर्ख दुसरा कोणी नव्हता.

लढाईचे दिवस, साखर रेशनवर. मी नगरच्या कोर्टात कारकून. दिवसभर वकिलांची बडबड ऐकायची आणि घरी येऊन तीच घरच्यांना ऐकवायची, हा माझा स्वभाव. त्यात आमच्या हिच्या पोटात गाठ निघाली. कॅन्सर. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन करता येईल, पण एवढ्या अशक्त अंगाला झेपणार नाही. आधी वजन वाढू दे."

मग बाईंनी मला समोर बसवून हिचं खाणं समजावलं. तुपाची मऊ खिचडी, सायीचं दही, खीर. "आणि या दुखण्यात भूक फार वेळ टिकत नाही. लागली की लगेच गरम ताट पुढे आलं पाहिजे."

"येईल," मी छाती काढून म्हणालो.

महिन्याभरानं हिला काट्यावर उभी केली, तर वजन उलट घटलेलं. माझं डोकंच फिरलं. अहो, दूध, तूप, सगळं मी आणत होतो. मग ते जात होतं कुठं? मांजराच्या पोटात?

सकाळी गवळ्याला दारातच धरला. "सखाराम, दुधात पाणी किती घालतोस?"

"गाईची आन दादा, थेंब न्हाई घातला."

"मग ही वाळतेय कशी?"

"दूध तुमी पिता का त्या पित्यात, ते बगाया म्या घरात येतो व्हय?"

उर्मट मेला! तिथल्या तिथे त्याचा रतीब बंद केला. दुसरा गवळी मिळेना आणि घरात दुधाचा थेंब नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग आईकडे वळलो. "तूच हिला उपास करायला लावत असशील."

"अरे, हिचे सोमवारसुद्धा मी माझ्या अंगावर घेतलेत," आई म्हणाली. "आणखी काय करू?"

माझं कसलं समाधान होतंय? रविवारी पाटावर बसलो आणि सगळ्या घराला फैलावर घेतलं. एक घास खिचडी, मग भाषण. पुन्हा घास, पुन्हा भाषण. "गरम अन्न, वेळेवर! बाईंनी सांगितलं ते कोणी मनावर घेतं का? इथे जिवाचा प्रश्न आहे!"

ही भिंतीला टेकून वाढायला उभी होती. जन्मात कधी उलट शब्द न बोललेली बाई. तिनं तुपाची वाटी खाली आदळली.

"तुम्ही उठा बघू आधी."

"का?"

"तुम्ही बसलात तेव्हा भूक लागली होती मला. तुमचं ताट रिकामं झालं की त्याच ताटावर मी बसते. लग्न झाल्यापासून. दिसत नाही तुम्हाला? मला कसं खायला घालावं, यावर रोज तासभर बोलता. तोवर माझी भूक मरते, खिचडी गार होते, घशाखाली उतरत नाही. आई म्हणतात, आधी जेव. पण तुम्ही एकदा तरी म्हणालात का?"

हातातला घास मी ताटात परत ठेवला. इतके दिवस सगळ्यांवर काढलेला राग एकदम माझ्यावरच उलटला, आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली. उठलो, हात धुतले, नवं ताट मांडलं आणि हिला पाटावर बसवून स्वतः वाढलं. त्या दिवशी ही वाटीभर खिचडी जेवली. सखारामची गयावया करून रतीबही पुन्हा सुरू केला.

पुढच्या खेपेला काटा हलला. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, आता ऑपरेशनचं ठरवू. मग मला विचारलं, "नवीन काय सुरू केलंत हिला?"

मी सविस्तर उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ही म्हणाली, "खाणं तेच आहे बाई. फक्त मी आधी जेवते, आणि माझं जेवण होईपर्यंत यांना बोलायची बंदी आहे."