दिवाळीनंतरचे धडे

"बरं. मग आता?"

एवढं बोलून काकी पदर सारखा करायच्या, दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या आणि समोरच्या माणसाकडे बघत बसायच्या. आवाज चढलेला नसायचा, कपाळावर आठी नसायची. शेजारणीला आज भाजी काय केली विचारावं, तसा चेहरा. पण समोरचा माणूस, मग तो आमचा हेडसर असो की पंचायत समितीतला साहेब, खुर्चीत चुळबुळायला लागायचा. 'हे आमच्या हातात नाही' असं सांगून त्याने विषय संपवलेला असायचा. काकींच्या लेखी तो तिथून सुरू व्हायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. भांडत नाहीत, पण उठतही नाहीत.

नव्वदच्या दशकात बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, कालव्याच्या कडेच्या एका गावात मी मास्तरीण म्हणून गेले. जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंत. हेडसर आणि मी, दोघंच. मी पुण्यात वाढलेली. उसाचं पाचट अंगाला लागलं की खाज येते हेसुद्धा मला तिथे कळलं. तेव्हा वरून आदेश आला होता की प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ हवा. पहिल्या सभेला पुरुषमंडळी आली, दारातच उभं राहून तंबाखू मळली, सह्या केल्या आणि गेली. आत येऊन बसल्या त्या एकट्या काकी; गावात सगळे त्यांना काकीच म्हणायचे. उसाचं रान, गोठ्यात गाई, शाळेत दोन मुलं, घरी म्हातारे सासूसासरे. एवढं सगळं टाकून त्या आल्या होत्या आणि सभा व्हावी अशी त्यांची साधी अपेक्षा होती.

हेडसरांनी मग नाइलाजाने अडचणी वाचून दाखवल्या. पत्रा गळतो, दोन वर्ग एकाच खोलीत बसतात, मुलींना आडोसा नाही. "पण हे काही आपल्या हातात नाही," ते म्हणाले.

"बरं. मग आता?"

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. आठवडाभरात काकी आणि मी एसटीने बारामतीला निघालो.

कचेरीत जायची त्यांची एक पद्धत होती. पिशवीत घरच्या शेंगा भाजून घ्यायच्या. साहेब म्हणाले, "नंतर या," की काकी म्हणायच्या, "येऊ की. तवर शेंगा खावा साहेब, घरच्या हायत." आता टेबलावर टरफलांचा ढीग झाल्यावर कुठला साहेब माणसाला जा म्हणणार? त्या वर्षी पत्रा बदलला, मुलींच्या आडोशाच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि पुढच्या सभेला बायका एवढ्या आल्या की दारात उभ्या राहणाऱ्या पुरुषांना सरकून जागा द्यावी लागली.

हे सगळं आपल्या मुलांसाठी होतं. पुढचं जे सांगणार आहे, ते परक्यांच्या मुलांसाठी.

दिवाळी झाली की आमच्याकडे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. कालव्याच्या कडेला त्यांच्या कोप्या, उसाच्या पाल्याच्या झोपड्या, उभ्या राहायच्या. आईबाप पहाटे रानात, आणि मुलं धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन दिवसभर तिथेच. दरवर्षीचं दृश्य; आम्हाला त्यात काही वेगळं दिसत नव्हतं.

एका सकाळी त्यातली कौसा नावाची मुलगी काकींच्या घरी ताक मागायला गेली. ओट्यावर काकींच्या मुलाचं तिसरीचं मराठीचं पुस्तक पडलं होतं. कौसाने ते उघडलं आणि धडाधड वाचायला लागली. काकी कौतुकाने ऐकत राहिल्या. मग त्यांनी आणखी पानं उलटून पुढचा धडा समोर धरला. मुलीने मान हलवली.

"वाच की."

"ह्याच्या म्होरलं येत न्हाई."

"का गं?"

"ह्याच्या म्होरं आमी कारखान्याला येतो."

ती दरसाल तिसरीतच होती. दरसाल दिवाळीपर्यंतचे धडे, मग ऊस. तेच धडे तिला पाठ झाले होते, आणि त्यांच्या पुढचं काही तिने पाहिलेलंच नव्हतं.

काकी पुस्तक हातात घेऊन तशाच शाळेत आल्या. चालून धाप लागली होती. "बाई, ह्या पोरीला दिवाळीनंतरचे धडेच म्हाईत न्हाईत," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या सभेत त्यांनी तो विषय काढला. त्यांच्या भावकीतले एक तात्या होते, गावात वजन असलेले. ते म्हणाले, "सूनबाई, आपल्या पोरांना बसाय जागा न्हाय. त्यात ही खरजेची, उवांची पोरं कुठं घेतीस? आन् चार म्हैन्यांनी जाणारच हायत की." बऱ्याच माना हलल्या. हेडसर म्हणाले, "दाखला नाही. नाव तिकडच्या शाळेत. मी हजेरीपटावर कसं घेऊ?"

"हजेरीपटावर नगा घिऊ, गुर्जी," काकी म्हणाल्या. "सतरंजीवर घ्या."

सगळे हसले, आणि हसल्यावर नाही म्हणणं अवघड होऊन बसलं.

मुलं आली, पण कडेवरची भावंडं घेऊन. एकीकडे पाढे, दुसरीकडे रडारड. तेव्हा संघातल्या बायकांनी पाळ्या लावून ती तान्ही पोरं सांभाळायचं ठरवलं. शाळेच्या मागच्या कडुलिंबाखाली झोळ्या बांधल्या. तात्यांच्या बायकोनेही पाळी घेतली. तात्या तरातरा शाळेत आले. घरात चहा करायला कुणी नाही ही त्यांची तक्रार. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं पोरगं त्यांच्याकडे दिलं. "जरा धरा, आलेच." आणि त्या गेल्या. मी वर्गातून बघत होते. तात्या आधी पोराला अंगापासून लांब धरून उभे राहिले. मग बसले. मग पोराने त्यांच्या मिशीला हात घातला. काकी परत आल्या तेव्हा पोरगं तात्यांच्या मांडीवर झोपलं होतं आणि तात्या आम्हाला खुणेनं सांगत होते, हळू बोला.

कौसा त्या हंगामात पुढचे धडे शिकली. टोळी गावाकडे गेली तेव्हा आम्हाला वाटलं, जमलं.

पुढच्या दिवाळीनंतर ती आली. काकींनी हौसेनं विचारलं, "कितवीत गं आता?"

"तिसरीत."

तिकडच्या शाळेत ती कित्येक महिने गैरहजर होती. आमच्याकडची सतरंजी तिकडे कोण मोजणार? मुलांना हजेरीवर शाळेतून तांदूळ मिळण्याची योजना तेव्हा नुकती दिल्लीहून आली होती. तो तांदूळही तिला तिकडे मिळाला नाही, कारण ती इकडे होती. आणि इकडे मिळाला नाही, कारण नाव तिकडे होतं.

काकींना एवढं चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. संघाची सभा बसली. ठराव साधा होता: पोर जिथे जाईल तिथे त्याची हजेरी त्याच्यामागे गेली पाहिजे. त्या ठरावावर तात्यांनी स्वतःहून पहिली सही केली.

तो ठराव घेऊन आम्ही पुण्याला गेलो. तिथले साहेब भले होते. सगळं ऐकून म्हणाले, "काकी, हा दोन जिल्ह्यांचा प्रश्न. असलं धोरण वर ठरतं."

"वर म्हंजी कुठं?"

"मुंबईला. तांदळाचं म्हणाल तर दिल्लीला."

"बरं. मग आता?"

साहेबांनी टेबलावरच्या शेंगांकडे पाहिलं आणि त्यांना हसू आलं. म्हणाले, "शाळा आणि तांदूळ बघायला दिल्लीची माणसं बारामतीला यायची आहेत. तुम्ही या तिथे. मी तुम्हाला बोलायला मिळवून देतो." आणि त्यांनी ते खरंच केलं.

परतीच्या एसटीत काकी खिडकीशी बसल्या होत्या. सासवड मागे पडल्यावर अचानक म्हणाल्या, "माझं माहेर सुप्याकडलं. बहात्तरच्या दुस्काळात आमी समदी खडी फोडायला गेलो. साळा सुटली ती सुटलीच. मला कुनी बोलवायला आलं न्हाय, बाई." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला, आणि थोड्या वेळाने गाईच्या धारेला उशीर होईल म्हणून ड्रायव्हरच्या नावाने कुरकुरायला लागल्या.

बारामतीच्या त्या सभेला तात्या धुतलेलं धोतर नेसून ट्रॅक्टर चालवत आले. मागे ट्रॉलीत संघाच्या बायका, कौसा आणि त्या दिवसाचा खाडा करून आलेली तिची आई. सभागृहात मोठी मोठी भाषणं झाली. मग दिल्लीच्या मॅडमनी विचारलं, पालकांपैकी कुणाला काही सांगायचं आहे का. काकी कौसाचा हात धरून पुढे गेल्या. हिंदी त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या, पण अडल्या नाहीत.

"मॅडम, ये पोरगी हुशार है. पन इसका किताब दिवाळी तक का है. दिवाळी के बाद का पान इसने देख्याच नहीं. हर साल वोईच. हमने सिखाया, तो वो मोजतेच नहीं."

सभागृहात हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या माणसाकडून नीट समजून घेतलं आणि म्हणाल्या की अडचण खरी आहे, पण दोन ठिकाणची हजेरी जोडून धरण्याची नियमात सोय नाही.

"अच्छा," काकी म्हणाल्या. "तो फिर अब?"

आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. ती कुणातरी साहेबांची होती. हसू थांबलं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि कौसाला जवळ बोलावलं. "पढ़ोगी?" त्यांनी विचारलं. कौसाने पुस्तक उघडलं. आमच्या सतरंजीवर शिकलेला, पुस्तकाच्या शेवटाकडचा एक धडा ती बोट ठेवून वाचू लागली. दोनदा अडखळली. मॅडमना मराठी कळत नव्हती, पण त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत ऐकला. मग कागद ओढून बराच वेळ लिहीत राहिल्या.

लगेच काही झालं नाही. पुढे एक परिपत्रक आलं, की हंगामात आलेल्या मुलांना तात्पुरतं दाखल करून घ्यावं आणि जाताना हजेरीचा दाखला द्यावा. ते आमच्यामुळे आलं असं मी म्हणणार नाही. असं मागणारी माणसं तेव्हा ठिकठिकाणी होती, आणि दाखला दिला तरी तो मानला जाईलच अशी खात्री नव्हती. पण हेडसरांनी कौसाचा दाखला आपल्या सुरेख अक्षरात लिहिला, आणि तिकडच्या गुरुजींना वेगळी दोन ओळींची विनंतीही जोडली. तात्पुरत्या नावांसाठी त्यांनी वेगळा हजेरीपट घातला होता. त्यात ते रोज सकाळी मोठ्याने नावं पुकारायचे, आपल्या मुलांच्या आधी.

नंतर माझी बदली इंदापूरच्या बाजूला झाली. काकी वारल्याची बातमी मला तिथे उशिरा कळली; घरच्यांना भेटायला गेले तेव्हा घराला कुलूप होतं, मुलं पुण्याला नोकरीला. शाळेत दुसऱ्याच बाई होत्या. त्यांनी चहा दिला. काकींना त्यांनी पाहिलेलं नव्हतं. माझ्या नोकरीची पहिली वर्षं काकींच्या शेजारी बसण्यात गेली, याचं मला आजही फार बरं वाटतं. वरिष्ठांसमोर मान वर करून बोलायला मी तिथे शिकले.

पण आठवण काढली की मला डोळ्यांसमोर बारामतीचं सभागृह येत नाही. त्या दाखल्यानंतरच्या हंगामातली एक सकाळ येते.

टोळी आदल्या संध्याकाळी आली होती. काकींनी आपल्या मुलीचा एक चांगला फ्रॉक कौसासाठी धुऊन ठेवला होता. तो घेऊन शाळा भरायच्या आधी त्या मला ओढत कोप्यांकडे घेऊन गेल्या. कौसाची आई चूल पेटवत होती. कौसा कुठे दिसेना.

"पोरगी कुठंय?"

"आवंदा न्हाई आणली," आई म्हणाली. "चौथीत गेली. गुरुजी म्हनले, पोरगी चांगली हाय, न्येऊ नका. तिच्या आजीपाशी ठिवलीया."

काकींचा चेहरा आधी पडला. किती वाट पाहिली होती त्यांनी. मग ते शब्द आत पोहोचले असावेत. त्यांनी कौसाच्या आईचा हात धरला. त्यांचे डोळे वाहू लागले. तीही रडायला लागली. लेकीला मागे ठेवून आलेली आई होती ती.

काकींनी पदराने तोंड पुसलं.

"तिकडं थंडी लई आसंल आता," त्या म्हणाल्या. "पांघरूण हाय का तिला?"

"हाय," आई म्हणाली. "दोन हायत."

काकी पाचटावर बसल्या. कौसाच्या आईने चुलीवर चहा ठेवला. माझी घंटेची वेळ झाली होती, म्हणून मी निघाले. शाळेच्या अंगणातून वळून पाहिलं, तर कोपीवर धूर चढत होता, आणि त्याच्या अलीकडे त्या दोघी डोक्याला डोकं लावून बोलत बसल्या होत्या.