तिसऱ्या सिलिंडरची हवा

सखाराम गमरे रोज सकाळी गॅरेज उघडण्याआधी आपल्या जुन्या स्कूटरची किक हाताने दाबायचे. किल्ली न लावता, तळव्याने, हळूहळू. एका जागी ती अडायची. आतून कुणीतरी उलट रेटावं तशी. तिथे क्षणभर हात ठेवून ते मान हलवायचे आणि मगच शटर वर करायचे.

आंबिवलीच्या अलीकडे, टिटवाळ्याच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. साठी उलटल्यावर बाकीची कामं सोडून ते फक्त इंजिनं बघत.

एका वर्षी दिवाळीची सुट्टी संपता संपता बल्याणीची कल्पिता तिची जुनी व्हॅन ओढून घेऊन आली. ती टिटवाळ्याची मुलं कल्याणच्या शाळेत नेई. वाटेतल्या पुलाच्या चढावर गाडी धापा टाकायला लागली होती. दुसऱ्या एका मेकॅनिकने सांगितलं होतं की इंजिन गेलं, सगळं खोलावं लागेल, महिना धरा. शाळा सोमवारी उघडणार होती. पालक महिनाभर थांबणार नव्हते, आणि दुसऱ्या गाडीत बसलेली मुलं परत येत नाहीत. सासरी आल्यापासून तिने स्वतःचं म्हणून उभं केलेलं एवढं एकच काम होतं.

"दादा, खरं सांगा. संपली का ही?"

"मला विचारू नको, तिला विचारू," म्हणत त्यांनी पेट्रोल आणि करंट तोडला, चारही प्लग काढले आणि पहिल्या सिलिंडरच्या भोकात दाब मोजणाऱ्या काट्याची नळी पिळून बसवली. "बस आत. ॲक्सिलरेटर पूर्ण दाब आणि स्टार्टर मार."

इंजिन नुसतंच फिरलं. काटा एकशे दहावर थांबला. दुसरा तेवढाच, चौथाही. तिसरा सत्तर. सखारामदादांनी चष्मा काढून पुसला.

"थकलंय गं. एकशे सत्तरच्या आसपास हवं होतं."

कल्पिताचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

दादा काटा ठेवायला वळले आणि थांबले. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं, कोरडं. "तेल खाते का?"

"नाय ओ. धूर पण नाय."

"मग बाकीचे तिघं एकदम सारखेच म्हातारे कसे झाले?" ते दाराशी आले, खाली वाकले. पेडल जेमतेम बोटभर खाली गेलं होतं. "पूर्ण दाब म्हटलं होतं ना?"

"दाबलाय की!"

"हे पूर्ण? हवेला आत यायला दारच उघडलं नाहीस तू. आतली दाबणार काय?"

कल्पिताने पायाकडे पाहिलं. इतकी वर्षं मागे मुलं बसलेली असताना तिचा पाय त्याच्या पुढे कधी गेलाच नव्हता.

"अगं, आज मागे कोणी नाही. घाल तळाला!"

तिने डोळे मिटून पाय तळापर्यंत नेला. काटा टप्प्याटप्प्याने चढत एकशे सत्तरला गेला. दुसरा, चौथा, तसेच. तिसरा शंभर. दादांनी तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा पाहिलं. शंभरच.

"तेलाने फट बुजून वाढला असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणायचं. हा वाढला नाही. म्हणजे वरचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. फक्त इंजिनाचं वरचं झाकण, हेड, काढायचं, सोमवारच्या आत होतंय."

मग तिला कळावं म्हणून त्यांनी टेबलावर पाण्याचा पेला ठेवला. समजा, पिस्टन खाली असताना असे दहा पेले हवा मावते. वर आला की एकाच पेल्याची जागा उरते. हवा मात्र तेवढीच. दहाला एक, हे प्रमाण इंजिन घडवतानाच ठरलेलं असतं. काटा सांगतो की त्या दाबातलं किती टिकतं आहे. "आणि हे एका मिनिटात हजारदा," ते म्हणाले, आवाज आपोआप खाली आलेला, जणू पहिल्यांदाच ऐकत होते. "चाळीस वर्षं बघतोय. अजून पटत नाही की हे होतं."

ऐकणाऱ्या कल्पितालाही पटत नव्हतं. काळ्या लोखंडात, कुणालाही न दिसणाऱ्या अंधारात, आपल्याच श्वासातली हवा दहाव्या हिश्शात मुठीसारखी वळते, आणि त्या वळण्यावर बारा मुलं दप्तरांसकट पूल चढतात.

रविवारी दुपारी व्हॉल्व्ह घासून बसला. सोमवारी कल्पिता मुलं भरून गॅरेजसमोरून गेली. हॉर्न वाजवला, थांबली नाही. दादा रस्त्यावर येऊन ती पूल चढून दिसेनाशी होईपर्यंत उभे होते.

पुढच्या मार्चमध्ये ते झोपेतच गेले. आदल्या दिवशी कल्पिता भरल्या गाडीसकट घाबरत थांबली होती. मागून खडखड येते म्हणाली. दादांनी बॉनेटला हातही लावला नाही. कान देऊन ऐकलं आणि मागच्या मुलांकडे बघून हसले.

"अगं, कुणाची तरी पाण्याची बाटली लोळतेय सीटखाली. उचल ती आणि नीघ, उशीर होईल पोरांना."