बोळाचं माप

पेन्सिल तासली की बन्सी तिचं टोक जिभेला लावून बघायचा. कुणाच्याही घरी गेला की आधी वर, आढ्याकडे बघायचा. वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायचा. एसटीचं तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचायचा आणि प्रवास संपला तरी काढायचा नाही. दुसऱ्याच्या भिंतीला टेकून बसायचा नाही. चिडला की त्याचा आवाज खाली यायचा. फार चिडला की समोरच्याला अहो-जाहो करायचा.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो ड्रॉइंग ऑफिसात होता. काम यंत्रांच्या नकाशांच्या अमोनिया प्रिंट काढायचं. दिवसभर त्या वासात राहून डोळे लाल व्हायचे. लोकांना वाटायचं, पितो. प्रिंट काढता काढता तो नकाशेही काढायला शिकला. शिकवलं कुणीच नव्हतं.

आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता करणारा, नोकरी नसलेला. माझं नाव मल्हार. बावीस वर्षांच्या मला तो ‘मल्हारराव’ म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव मुंबईत झाला आणि इकडं बौद्ध वस्त्या पेटल्या. पाचोडपासून तीन कोसांवर धामणवाडी आहे. गावाबाहेर बन्सीची वस्ती होती, सतरा घरांची. तीही जाळली. भर दुपारी जाळली. कुणी तोंडाला फडकंसुद्धा बांधलं नव्हतं. गरजच वाटली नाही त्यांना.

वस्ती उसातून चालत निघाली. औरंगाबादेत एका विहाराच्या पत्र्याखाली येऊन पडली. बन्सी कारखान्यातून सुटला की तिथं जायचा. मी त्याच्यामागं.

त्यानं अर्ज केले. तालुक्याला, जिल्ह्याला, मुंबईला. सगळीकडून तोच परिच्छेद परत आला. ‘सदर जागा गायरान असून तेथे वस्तीची नोंद नाही. काही मजूर कामानिमित्त अन्यत्र गेले आहेत.’

कामानिमित्त. म्हाताऱ्या, बाळंतिणी, सगळ्या कामानिमित्त.

आम्ही कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं फाईल मिटली.

“गायरानात गवत पेटतं कधीमधी,” तो म्हणाला.

“श्रावणात, साहेब?” बन्सीचा आवाज अगदी खाली आला होता. “आपल्याकडं श्रावणात गवत पेटतं का?”

कारकुनानं पानाची डबी उघडली. बोलणं संपलं.

बाहेर येऊन बन्सी म्हणाला, “घरातल्यांना सांगून झालं. आता शेजाऱ्याला हाक मारू.”

शेजारी म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ. पत्ता त्यानं वाचनालयातून उतरवून आणला होता. इंग्रजी मी लिहायचं ठरलं. मी पहिला मसुदा वाचून दाखवला. त्यात आभाळ रक्तानं माखलं होतं.

“आभाळ कुठं माखलं? जागा सांग,” तो म्हणाला. “खोटं एक वाक्य सापडलं की सगळं खोटं म्हणतील. खोड ते.”

“मग मागायचं काय? पैसे? कपडे?”

“एक माणूस पाठवा म्हणावं. त्यानं तिथं उभं राहावं आन् बघावं. सतरा घरं व्हती का नव्हती, एवढंच लिहून न्यावं.”

त्या माणसाला दाखवायला वस्तीचा नकाशा हवा. सरकारी नकाशावर तिथं कोरी जागा. बन्सीनं कारखान्यातून वाया गेलेला ट्रेसिंग पेपर मागून आणला आणि विहाराच्या फरशीवर पसरला. सतरा घरं त्यानं आठवून मांडली. पण अंतरं? अंतर कुणाला सांगता येईना. “जवळच व्हतं की,” एवढंच.

मग त्याला सुचलं. वच्छलाबाई वस्तीत सगळ्यात थोरली. तिच्या डोक्यावर त्यानं भरलेला हंडा दिला.

“काकू, डोळे मिट. हा आपला आड. आता आडावरनं आल्यागत घरी ये.”

“येडा झाला का रं तू?”

“चाल तर.”

ती चालली. विहाराच्या अंगणात, डोळे मिटून. एके ठिकाणी पाय उचलून लांब टाकला. “इथं खड्डा हाय,” म्हणाली. मग डावीकडं वळली. आणखी काही पावलांवर हंडा हातानं सावरून वाकली. तिच्या दाराची चौकट बुटकी होती.

तिथं चौकट नव्हती. काहीच नव्हतं. ती वाकून तशीच उभी राहिली. हंड्यातलं पाणी तिच्या पाठीवर सांडत होतं. बन्सीनं हंडा उतरवून घेतला आणि अंगणात टेप लावली.

अशी त्यानं पंधरा घरं मापली. प्रत्येक बाईचं पाऊल वेगळं, म्हणून प्रत्येकीचं पाऊलही मापलं. तो कागद इतका नेटका होत गेला की कारखान्यातल्या नकाशात ठेवला असता तर ओळखू आला नसता.

अडलं ते कडूबाई आणि दगडाबाईपाशी. दोघींच्या घरांमधून एक बोळ जायचा. दगडाबाई चालली तेव्हा तो चार पावलं भरला. कडूबाई चालली तेव्हा दोनच भरला.

“चारच व्हता!” दगडाबाई ओरडली. “हिनं न्हाणी बांधून दोन पावलं गिळली.”

“तुझं कोंबडं माझ्या न्हाणीत घाण करायचं, ते बी घाल म्हण नकाशात!”

“कोंबडं नेलंच की त्यांनी. आता तरी खरं बोल.”

“मी खोटं बोलते व्हय? सटवे!”

विहारात लोक हसले. दीड महिन्यात पहिल्यांदा. दोन्ही घरांची राख झाली होती आणि भांडण मात्र शाबूत होतं.

मी बन्सीला म्हटलं, “मधोमध रेघ मार. तीन पावलं धर.”

“तुझ्या कवितेत मार.”

“कोण जातंय बोळ मापायला?”

“मी ज्याला बोलावतोय तो,” बन्सी म्हणाला. “जोत्याचे दगड आहेत तिथं अजून. त्यानं टेप लावली आन् चुकलं तर? मल्हारराव, आपण सुशिक्षित आहात. आपणच सांगा.”



त्याच आठवड्यात पाचोडच्या बाजारातून बातमी आली. धामणवाडीचे लोक ते गायरान नांगरणार होते. नांगर फिरला की जोती जाणार, दगडही जाणार. मग खरंच तिथं काही नव्हतं असं होणार. त्याआधी टेप घेऊन जायला बन्सीनं सुट्टीचा रविवार धरला.

“येतोस?” त्यानं विचारलं.

मला सोमवारी एका शाळेत मुलाखत होती. मी तयारी करायची आहे म्हणालो.

तो सकाळच्या एसटीनं गेला. परत आला तो दुसऱ्या दिवशी, पोलिसांच्या गाडीतून, चादरीखाली. पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘अज्ञात वाहनाची धडक.’ तो सापडला ती वाट मी पाहिली आहे. तिथून बैलगाडीसुद्धा जपून जाते. कुठलं वाहन? डोक्याच्या मागंच कशी धडक बसली? मी विचारलं. हवालदारानं मला नाव विचारलं, मग गाव, मग आडनाव. आडनाव कळल्यावर म्हणाला, “तुम्ही कशाला यांच्या भानगडीत पडता?”

त्याला मी काय उत्तर दिलं ते इथं लिहायची लाज वाटते. लिहायला हवं खरं तर.

विहारात सगळे जमले. कडूबाई पुढं आली आणि दगडाबाईला म्हणाली, “चारच धर बाई. तुझंच खरं.”

दगडाबाई म्हणाली, “नाय. दोनच व्हता. दोनच लिव्ह रं मल्हारी.”

दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. मला कुठलाच आकडा लिहिता आला नाही. आता त्या एकमेकींसाठी बोलत होत्या. बन्सीला बोळाचं खरं माप हवं होतं.

गायरान नांगरून झालं आहे. म्हणे हरभरा पेरलाय. इंग्रजी पत्र टाइप होऊन पडलं आहे, सतरा घरांच्या नावांसकट. कागदावर सतराही घरं आहेत, पण दोन घरांना एकेक भिंत नाही.

टेप मिळाली नाही. कपड्यांबरोबर पोलिसांनी त्याची खिशातली वही दिली. शेवटच्या पानावर त्या रविवारची तारीख आहे. खाली त्याच्या नेटक्या अक्षरात एकच ओळ. ‘दगडाबाईची भिंत ते कडूबाईची न्हाणी’, आणि पुढं ‘=’ असं बरोबरचं चिन्ह. त्यानंतर आकडा नाही.