मोठ्या टीममधला रिसिव्हर आणि माझी अक्कल

इकडे किवींच्या देशात, अल्बनीत लेकाच्या घरी राहायला येऊन मला दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. साल दोन हजार पंधरा. लेक आयटीत, त्याचे पुण्या-मुंबईचे मित्रही आयटीतच. या सगळ्या बाप्यांना चाळिशीत एक नवा रोग जडला होता. फॅन्टसी फुटबॉल. हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकेतला, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. बरं, हे लोक तो खेळत नव्हते, धड बघतही नव्हते. तिकडचे खरे खेळाडू आपसांत वाटून घ्यायचे, प्रत्येकाने आपली एक खोटी टीम करायची आणि खऱ्या सामन्यात खेळाडूने जे केलं त्याचे गुण इथे आपल्या खात्यात लिहायचे. धावायचं त्याने, छाती फुगवायची यांनी. स्टॉपवरची बस पकडायला दहा पावलं पळाले तर ज्यांना धाप लागते, ते आमच्या टेबलाशी पोहे चापत म्हणायचे, "त्याचा स्पीड जरा कमी झालाय यार." कुणाचा? हरणासारख्या पळणाऱ्या माणसाचा!

लेकाचा लाडका होता एक रिसिव्हर. रिसिव्हर म्हणजे पुढे पळत जाऊन फेकलेला बॉल झेलणारा. एका रडक्या टीममध्ये हा एकटाच बरा होता, त्यामुळे येईल तो बॉल याच्याकडेच. त्या वर्षी याला एका मोठ्या, जिंकणाऱ्या टीमने घेतलं. लेकाला आनंद असा, जणू याचंच प्रमोशन झालं. लॅपटॉपवर तक्ते काय, रंगीत रेघा काय.

"आई, सिंपल आहे. टीम चांगली, बॉल फेकणारा चांगला, म्हणजे ह्याचे पॉइंट्स गेल्या वर्षीपेक्षा वाढणारच."

मी मेथी निवडत होते. "तिथे झेलणारे आधीचे किती आहेत?"

"दोन. दोघेही टॉप क्लास."

"आणि बॉल किती असतात रे?"

लेकाने माझ्याकडे पाहिलं. देवळाबाहेरच्या आंधळ्याकडे पाहावं तसं. "एकच असतो, आई."

"हं," म्हटलं आणि मेथीकडे वळले.

हे सगळं मी कधीच विसरले असते. पण यात माझी तेरा वर्षांची नात अडकली.

पोरगी उंच. शाळेच्या नेटबॉल टीममध्ये गोल शूट. म्हणजे कड्याखाली उभं राहायचं, मैत्रिणींनी बॉल आणून द्यायचा, हिने तो कड्यात टाकायचा. टीम दिव्य होती, दर शनिवारी हरायची आणि नंतर खिदळत चिप्स खायची. पण बॉल यायचा तो हिच्याकडेच, त्यामुळे ही खूश. खाडीवरच्या पुलापलीकडच्या एका नामांकित क्लबने हिला हेरलं आणि पुढच्या सीझनच्या ट्रायलला बोलावलं. बाप म्हणाला जायचंच. ही म्हणाली नाहीच. पंधरा दिवस जेवणाच्या टेबलावर भाजीपेक्षा हाच विषय जास्त वाढला जायचा.

"बाळा, बेटर टीममध्ये गेलं की प्लेअर बेटर होतो. माझा रिसिव्हरच बघ ना!"

माझ्या नातीला मराठी सगळं समजतं, पण बोलताना तिचा इंग्रजीचा आधार सुटत नाही. ती म्हणाली, "ओके, बाबा. बेट. पैज लाव." तुझ्या माणसाचे पॉइंट्स गेल्या वर्षीपेक्षा वाढले, तर मी न कुरकुरता ट्रायलला जाईन. घटले, तर तू क्लबचं नावसुद्धा काढायचं नाहीस.

तक्तेवाला बाप तो, टुणकन हो म्हणाला. पोटच्या पोरीचा प्रश्न अमेरिकेतल्या एका अनोळखी माणसाच्या हातात देऊन दोघे मोकळे. असला मूर्खपणा आमच्याच घरात होऊ शकतो.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत येऊन पलंगावर पसरली. "आजी, तो सक करणार, आपटणार ना? तू बाबाला 'हं' म्हणालीस ना त्या दिवशी. हाऊ डू यू नो?"

मग मी तिला माझी कथा सांगितली. पुण्यात आमच्या आळीच्या क्लबात मी खो-खो खेळायचे. खो-खोत आठ जणी रांगेत उकिडव्या बसतात, एक पळते. पळणारी ज्या बसलेलीला मागून हात लावून खो देईल तिने उठून पळायचं. खो मिळाला नाही तर तुम्ही बसलेल्याच. आमच्या आळीत खांबाजवळची जागा माझी. पोरी सारखा खो द्यायच्या आणि मी खांबावरून झेप घेऊन गडी मारायचे. एकोणीस वर्षांची होते, लांब शेपटा आणि त्याहून मोठा तोरा. शहरातल्या सगळ्यात मोठ्या क्लबाने बोलावल्यावर मी आळीतल्या पोरींना नीट सांगितलंही नाही. चपला घातल्या आणि गेले. वाटलं, आता पेपरात फोटो.

तिथे खांबाजवळ दोघी आधीच होत्या, दोघीही राज्याच्या संघातल्या. मला बसवलं मधल्या चौकोनात. पळणारीने माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायचं आणि खांबवालीला खो द्यायचा. सबंध सीझन मी तिथे उकिडवी. गुडघ्यांना मुंग्या आणि नाकावर माशी.

"सो अनफेअर!" नात म्हणाली.

"मग काय! राजकारण, बाई, सगळं राजकारण," मी म्हटलं. पन्नास वर्षं हेच सांगत आले होते, तिलाही तेच ऐकवलं.

अमेरिकेत सीझन सुरू झाला. त्यांचा रविवार म्हणजे आमची सोमवार सकाळ. पहिल्याच सोमवारी त्या बाप्याने लांबचा बॉल झेलून थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेला. लेक पायजम्यात नाचला. नात टोस्ट अर्धा टाकून शाळेला गेली आणि जाताना माझ्याकडे डोळे वटारून गेली.

पुढे मात्र मी म्हटलं तसंच होऊ लागलं. फेकणारा उजवीकडे बघायचा, डावीकडे बघायचा, आमचा बिचारा मधून पळत जाऊन रिकाम्या हाताने परत. लेकाच्या तक्त्यात नवीन रंग आले. "अजून सिस्टिम शिकतोय तो." मग दिवाळीच्या सुमारास आधीच्या दोघांतला एक पाय दुखावून घरी बसला आणि बॉल आमच्याकडे येऊ लागले. पॉइंट्स भराभर चढले. बाप शीळ घालू लागला. क्लबची वेबसाइट उघडून पुलावरून किती वाजता निघावं लागेल हे मोठ्याने वाचून दाखवू लागला.

त्या आठवड्यात नात पुन्हा माझ्या खोलीत आली. या वेळी पसरली नाही, उभीच.

"आजी, तू त्यांना सांगितलंस का? दॅट यू वॉन्टेड इट?"

"कुणाला?"

"त्या पळणाऱ्या मुलींना. कोचला."

"छे! असं मागायचं असतं का?"

"सो यू जस्ट सॅट देअर?"

कार्टीने एका वाक्यात पन्नास वर्षांचं राजकारण केरात टाकलं. मग म्हटलं, एकदा खरं सांगून तरी बघू. एकदा खो मिळाला होता मला. महत्त्वाच्या सामन्यात. तोवर रुसून बसायची इतकी सवय झाली होती की मी उठले तेच दोन क्षण उशिरा. गडी निसटला. नंतर कुणी का द्यावा? आणि आळीत परत जायला तोंड नव्हतं, म्हणून खेळच सोडला आणि वर जगाला नावं ठेवली. ती शेपटावाली मला आज भेटली, तर तिचा शेपटा धरून तिला उठवीन.

"वाव," नात म्हणाली. कौतुकाने नव्हे.

सीझनचा शेवटचा सोमवार जानेवारीत, इकडच्या उन्हाळी सुट्टीत आला. बीचवर जायचं होतं. पोरगी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे घालून, टॉवेल गळ्यात टाकून बापाच्या फोनवर ओणवलेली. गेल्या वर्षीचा आकडा ओलांडायला दोन-चार झेल पुरे होते. पण दुखावलेला रिसिव्हर बरा होऊन परत आला होता. आमच्याकडे त्या सकाळी एकच बॉल आला आणि तोही हातातून सुटला. सामना संपला. लेक तक्त्याकडे बघत राहिला.

"आई, त्या इंज्युरीच्या टायमिंगमुळे सगळं..."

"पोरीशी बोल," मी म्हटलं.

शब्द त्याने पाळला, पण तोंड वाकडं करून. बीचवर जायच्या आधीच क्लबला नकाराचा ईमेल लिहायला बसला. तीन परिच्छेद. त्यात तिचा अभ्यास, पुलावरचं ट्रॅफिक, माझं वय, सगळी कारणं होती. नातीने मागून वाचलं, हात घातला आणि सगळं पुसून टाकलं. मग एका बोटाने एकच ओळ लिहिली. मला बोलावल्याबद्दल थँक यू, पण मला माझ्या शाळेकडूनच खेळायचं आहे. खाली स्वतःचं नाव.

"इतकं सरळ नसतं लिहायचं, बाळा," लेक म्हणाला.

तिने सेंड दाबलं आणि जँडल्स, बीचवरच्या चपला, शोधायला गेली.