गोल राब

माथेरानच्या पायथ्याच्या पोशीरचा भिवाजीकाका, माझ्या वडिलांचा चुलतभाऊ, देवाचा नारळसुद्धा वाजवून घ्यायचा. चंद्रावर माणूस उतरल्याची बातमी चावडीवर कुणी वाचली, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "बगितला कुनी?" असल्या माणसाशी संसार कसा करावा, हे इंदूकाकूलाच ठाऊक.

१९७४ साली जूनच्या तोंडावर खांद्याला कॅमेरा अडकवलेला एक परका माणूस काकाच्या शेतात आम्हा दोघांपुढे उभा राहिला. नाव पेठे. माथेरानला हवा खायला आलेल्या पेठ्यांना वरून खाली एक गोल काळा डाग दिसला होता. तो काकाचा राब. भाताचं बी टाकायची जागा आम्ही फांद्या, शेण, पालापाचोळा पसरून भाजून घेतो. बाकीच्यांचे राब चौकोनी. काकाच्या तुकड्याला कडेने खडक, म्हणून त्याचा गोल.

"हे कोणी जाळलं?" पेठ्यांनी वही काढली.

वही पाहून काका सावध झाला. फांद्या राखीव जंगलातल्या ऐनाच्या होत्या आणि ऐन तोडायला बंदी होती. हा जंगलखात्याचाच, काकाने ठरवून टाकलं.

"आमी नाय जाळला. सकाळी बगतो तं हा आसा. वरनं कायतरी उतरलं आसंल."

पेठे उडालेच. परग्रहावर आपल्याहून हुशार प्राणी असणार, त्यांचंच यान इथे उतरलं, असं भडाभडा बोलू लागले. साहेब वेडाचं सोंग घेऊन आपल्याला बोलतं करतोय, अशी काकाची खात्री पटली. "येवढी हुशार हायत, तं माथेरानचं पठार सोडून माज्या खडकात कशाला उतरतील रं?" तो माझ्या कानात कुजबुजला. गावात कुणीच तोंड उघडलं नाही. प्रत्येकाच्या राबाखाली तीच चोरी होती.

दुसऱ्या दिवशी पेठ्यांनी राबाभोवती दोर बांधला. मुंबईचे मित्र येऊन राख तपासेपर्यंत, म्हणजे दोन आठवडे, आत पाऊल टाकायचं नाही. मृग चार दिवसांवर आलेला. बी पडलं नाही तर रोप नाही, रोप नाही तर वर्षाचा भात नाही.

काका दोन दिवस दोराकडे बघत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सायेब, मीच जाळला."

पेठ्यांनी डोळे बारीक केले. "असं बोलायला तुम्हाला कोणी सांगितलं? सरकारी माणूस येऊन गेला का?"

जन्मभर दुसऱ्यांवर घेतलेला संशय काकावरच उलटला होता, आणि तोही खरं बोलल्यावर. मला खरं तर हसू यायला हवं होतं, पण फार वाईट वाटलं.

इंदूकाकूचा मात्र धीर सुटला. पेंढ्याच्या उडवीत लपवलेला ऐनाच्या फांद्यांचा भारा तिने ओढून काढला आणि पेठ्यांच्या पायाशी टाकला. "ह्यो बगा. लिवून घ्या, खात्याला कळवा, काय करायचं त्ये करा. पन आमाला बी टाकू द्या."

पेठे फांद्यांकडे बघत राहिले. तोंड एवढंसं झालं त्यांचं. मग त्यांनी दोर सोडला आणि निघून गेले.

पेरणी झाली. काका मात्र पावसाळाभर जंगलखात्याच्या शिपायाची वाट बघत होता. "सांगितल्याबिगर ऱ्हातोय व्हय त्यो?" भात घरात आला तरी कुणी फिरकलं नाही. एकदा जेवताना काकूने पेठ्यांचं नाव काढलं.

"आसंल गं वर कुनी शानं," तो म्हणाला. "हितं येक निघालाच की."